पडवीतले तीनशे बारा थर

टिटवीनं पाठवलेला फोटो पडद्यावर आला तेव्हा हेमांगी सोनटक्के नुकतीच तोंड धुऊन सकाळचा पहिला चहा घेऊन बसली होती. खिडकीबाहेर, साताऱ्याजवळच्या पठारावर, दुपारचे चार वाजले होते.

मोहिमेच्या केंद्रातली सगळी माणसं गेले नऊ महिने मंगळाच्या घड्याळावर जगत होती. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा चाळीसएक मिनिटांनी मोठा. तिकडे उजाडलं की टिटवी जागी व्हायची, त्यामुळे इथल्या माणसांची सकाळ रोज चाळीस मिनिटं पुढे सरकायची. कधी नाश्ता दुपारी, कधी आंघोळ संध्याकाळी. झोप कुणाचीच धड होत नव्हती आणि हेमांगीची तर नाहीच.

टिटवी म्हणजे रिक्षाएवढी सहा चाकांची गाडी. पाठीवर सौर पट्ट्या, पुढे एक लांब हात, हाताच्या टोकाला ब्रश, सूक्ष्मदर्शक कॅमेरा आणि एक छोटा हातोडा. चार पावलं टाकायची, थांबायची, मान वळवून बघायची, म्हणून श्रीरंगनं तिला हे नाव दिलं होतं. श्रीरंग परुळेकर हा टिटवीचा मुख्य चालक. हेमांगी खडकांची प्रमुख. गाडी कुठे न्यायची हे ती ठरवायची. ती सुखरूप कशी न्यायची हे तो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. कामावर दोघं जोरात भांडायचे आणि डब्याच्या वेळेला एकाच टेबलावर बसायचे.

फोटो पडवीचा होता. एका उंच कड्याच्या पायथ्याशी खडक आत गेला होता आणि वरचा भाग छपरासारखा पुढे आला होता. त्या जागेला टीमनं पडवी म्हणायला सुरुवात केली होती. आजवर ती लांबून दिसली होती. आज पहिल्यांदा तिची आतली भिंत स्पष्ट दिसत होती.

हेमांगीनं फोटो मोठा केला आणि कप खाली ठेवला.

भिंतीवर आडवे थर होते, चिरोट्याला असतात तसे, बोटभर उंचीत सात-आठ. एक जाड, एक बारीक. पुन्हा एक जाड, एक बारीक. आणि वर जाताना जाडी हळूहळू वाढत होती, मग कमी होत होती, मग परत वाढत होती.

"श्रीरंग," ती म्हणाली, "इकडे ये."

तो आला. खांद्यावरून वाकून बघत राहिला.

"थर आहेत," तो म्हणाला. "तुला नऊ महिने थरच दिसतायत."

"हे तसले नाहीत. ही भरती-ओहोटी आहे."

समुद्राच्या काठावर भरतीचं पाणी येताना वाळू आणतं आणि ओसरताना बारीक गाळ मागे ठेवून जातं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं तेव्हा थर जाड पडतो, अष्टमीच्या सुमाराला बारीक. हजारो वर्षांनी त्या गाळाचा खडक झाला, की त्यात महिना न् महिना वाचता येतो. पृथ्वीवर असे खडक आहेत. पण त्यासाठी आकाशात मोठा चंद्र लागतो. मंगळाचे दोन्ही चंद्र डोंगराएवढे, त्यांच्यानं पाणी हलणार नाही. पडवीतले थर खरोखर भरतीचे असतील तर कधीकाळी मंगळाला समुद्र होता, एवढ्यावर ते थांबत नव्हतं. त्याला एक मोठा चंद्र होता आणि पुढे तो नाहीसा झाला, असंही त्यातून ठरत होतं.

मात्र दहा-वीस थरांवरून हे सांगता येत नव्हतं. वाऱ्यानं साचलेली धूळही कधीकधी असा आभास निर्माण करते. गणिताला सलग अडीचशे थर तरी हवे होते, मध्ये एकही तुटलेला नको. तेवढी सलग भिंत फक्त पडवीच्या आत होती.

आणि हिवाळा तोंडावर आला होता. सूर्य रोज थोडा खाली सरकत होता. आणखी आठ दिवसांनी पडवीजवळ ऊन पोचणारच नव्हतं, पुढचे दोनशे दिवस. टिटवी तो हिवाळा काढेल की नाही, कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं.

*

पडवीच्या तोंडाशी एक सपाट फरशीसारखा खडक होता. टिटवीला त्याच्यावर चढून आत जायचं होतं.

"ही फरशी वजन पेलेल का, ते मला हवं," श्रीरंग म्हणाला. "खाली भरीव आहे की पोकळ?"

त्यासाठीच हातोडा होता. तो खडकावर आपटायचा आणि किती उसळी घेतो ते मोजायचं. भरीव खडकावर उसळी जास्त, पोकळ खडकावर कमी. नियम साधा होता: पाच ठिकाणी ठोकायचं, सरासरी तीसच्या वर हवी आणि एकही आकडा वीसच्या खाली नको. एखाद्या जागी धूळ असेल तर तो आकडा गाळता येतो, पण मग तिथेच पुन्हा ठोकायचं.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. छत्तीस. तेहेतीस. अडतीस. पस्तीस. चौदा.

हेमांगी त्या चौदाकडे बराच वेळ बघत बसली. पुन्हा ठोकायचं म्हणजे हात उलगडून परत मिटायचा, आणि थंडीत त्याला दोन दिवस जाणार. पुन्हा चौदाच आला तर पडवी विसरायची. तिनं त्या जागेचा फोटो उघडला. हातोडा पडण्याआधी ब्रशनं तिथली धूळ झाडली होती. खडक स्वच्छ होता. हातोड्याची गोल खूण त्यावर नीट उमटली होती.

तिनं फोटो बंद केला आणि पाचव्या आकड्यापुढे लिहिलं: धुळीमुळे अग्राह्य. पुन्हा ठोकण्याची गरज नाही.

संध्याकाळी श्रीरंग कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"पाचवा का गाळलास?"

"धूळ होती."

"पुन्हा ठोकायला हवं होतं ना?"

"बाकीचे चार पस्तीसच्या आसपास आहेत. एकाच फरशीचे आहेत. दोन दिवस घालवायचे का त्याच्यासाठी?"

 मग त्यानं खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि हळू आवाजात विचारलं, "हेमा, नक्की ना?"

"नक्की."

त्यानं सही केली.

*

टिटवी पडवीत शिरली त्या दिवशी केंद्रात कुणी जागेवर बसलं नाही. मंगळावरून संदेश यायला चौदा मिनिटं लागत होती, म्हणजे आपण जे बघतो ते आधीच घडून गेलेलं. तरीही सगळे पडद्याकडे असे बघत होते जणू आवाज दिला तर गाडीला ऐकू जाईल.

काम फत्ते झालं. हातानं भिंतीवर खालपासून वरपर्यंत कॅमेरा फिरवला. तीनशे बारा थर. फोटो फार जड होते, एका दमात येणारे नव्हते. वरून जाणाऱ्या उपग्रहानं पहिल्या खेपेत शहाण्णव थर आणले आणि त्यात तो जाडीचा चढ-उतार दिसतच होता. केंद्रप्रमुख डॉ. रुबिना काझी यांनी, ज्या सहसा कुणाच्या पाठीवर थाप मारत नसत, हेमांगीला चक्क मिठी मारली.

बाकीचे दोनशे सोळा थर अजून टिटवीच्या पोटात होते.

दुसऱ्या सकाळी टिटवीला बाहेर उन्हात यायचं होतं. श्रीरंगनं आज्ञा पाठवली: पुढची चाकं जागच्या जागी थोडी वळव, मग दोन हात मागे ये. अठ्ठावीस मिनिटांनी उत्तर आलं ते फोटोच्या आधी आकड्यात आलं. गाडीचा कल सत्तावीस अंश. मागचं उजवं चाक अधांतरी.

मग फोटो आला. फरशी फुटली होती आणि तिच्या खाली पोकळी होती. टिटवी एका बाजूला कलून पडवीच्या सावलीत अडकली होती. पाठीवरच्या पट्ट्यांना दिवसातून पाऊण तास ऊन मिळेल, तेवढंच.

 खोलीत कुणीतरी म्हणालं, "अरे देवा."  श्रीरंगनं डोक्यावरचा हेडफोन काढला, नीट टेबलावर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून आपली आज्ञा वाचायला लागला.

*

चौकशी समिती दोन दिवसांत बसली. त्यांच्यासमोर हातोड्याचे चार आकडे होते, सरासरी साडेपस्तीस. खडक मजबूत, मग फरशी फुटली कशी? एकच कारण उरत होतं. चालकानं चाकं जागच्या जागी वळवली आणि सगळा भार एका कडेवर आला. श्रीरंगला तात्पुरतं कामावरून बाजूला केलं. त्याच्या जागी लोबो नावाचा दुसरा चालक आला. फरशीचा उरलेला भाग भक्कम आहे असं धरून तो टिटवीला सरळ मागे ओढून काढणार होता.

बॅटरीत सहा दिवसांची ताकद होती. तेवढ्यात एकच गोष्ट जमणार होती. एकतर थंडीनं गोठलेल्या मोटारी गरम करून गाडी काढायची, नाहीतर असतील ते फोटो पाठवायचे. समितीनं गाडी काढायचं ठरवलं. गाडी निघाली तर फोटो नंतर येतीलच.

त्या दिवशी घरी श्रीरंग जेवणाच्या टेबलावर काडेपेट्या मांडून बसला होता. सहा काडेपेट्या म्हणजे सहा चाकं, त्यावर एक वही. वही सरकवत होता, थांबत होता, परत सरकवत होता. समोरची आमटी निवून तिच्यावर साय धरली होती.

"पंधरा अंश वळवलं," तो म्हणाला. "शिकवलंय तसंच. पण आधी मागे घेऊन मग वळवलं असतं तर? मला सुचायला हवं होतं."

"श्रीरंग, जेव आधी."

"वीस वर्षं हेच करतोय गं. आणि ऐन वेळेला हात चुकला." तो वही परत पहिल्या जागेवर ठेवत म्हणाला. "तुझी भिंत गेली माझ्यापायी. मला माफ कर."

हेमांगी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर पठारावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या, भर दुपारचं ऊन होतं. आत काडेपेटी सरकल्याचा आवाज येत होता. ती पाच मिनिटं तशीच उभी होती. मग तिनं नळ बंद केला, चपला घातल्या आणि काही न सांगता स्कूटर काढून केंद्रावर गेली.

*

काझी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. तिनं पाचव्या जागेचा फोटो त्यांच्यासमोर उघडला, तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि ती स्वच्छ गोल खूण पाहिली.

"हे आज का सांगतेस?"

"कारण उद्या लोबो गाडी मागे ओढणार आहे. ज्या जागेवर चौदा आला, ती त्याच्याच वाटेत आहे. खाली सगळं पोकळ आहे, मॅडम. गाडी हलवली की ती आत जाईल. मग गाडीही नाही आणि थरही नाहीत."

"आणि लोबोच्या वाटेत ती जागा नसती तर? तर सांगितलं असतंस?"

हेमांगीला हो म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

काझी मॅडमनी फोन उचलला आणि समितीला तासाभरात बोलावलं. श्रीरंगलाही. "हे तू स्वतः सांगायचंस," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून नाही."

तिनं सांगितलं. समोर तिघं सदस्य, कडेला लोबो, आणि दाराजवळच्या खुर्चीवर श्रीरंग. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण बोलताना मध्येच तो पुढे झुकला हे तिला दिसलं.

श्रीरंगनं एकच प्रश्न विचारला.

"मी तुला त्या दिवशी विचारलं होतं ना? आधी टेबलाशी उभं राहून, मग बसून. दोनदा?"

"हो. दोनदा."

"मला वाटायला लागलं होतं की आपण विचारलंच नाही." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गेले दोन दिवस मी तेच आठवतोय."

हेमांगीला पदावरून काढलं. तिचं प्रवेशपत्र तिथेच टेबलावर जमा झालं. श्रीरंगला त्याच दिवशी पुन्हा कामावर घेतलं. गाडी हलवायची नाही, असेल नसेल ती ताकद फोटोंना द्यायची, असं ठरलं. तो घरी आला, चार कपडे बॅगेत भरले आणि म्हणाला, "मी काही दिवस वाईला ताईकडे राहतोय. तिथून येऊन-जाऊन करीन."

"बोलायचं नाही का?"

"बोलायला गेलो तर ओरडेन. आणि मला आत्ता हात स्थिर हवेत."

*

पुढचे सहा दिवस हेमांगी घरात येरझाऱ्या घालत होती. मंगळाच्या घड्याळातून ती बाहेर पडली होती, पण शरीर पडलं नव्हतं. रोज चाळीस मिनिटं उशिरा भूक लागत होती. टिटवीची बातमी तिला बाकीच्या देशाबरोबर टीव्हीवर कळायची. कललेल्या गाडीचं तोंड आकाशाकडे नीट नव्हतं, म्हणून उपग्रह क्षितिजाशी खाली असताना दिवसातून सहा मिनिटं काय तो संपर्क. श्रीरंगनं एकेक यंत्र बंद करत नेलं. हाताची ऊब बंद, कॅमेऱ्याची ऊब बंद, चाकांची तर आधीच बंद. शेवटी फक्त स्मृती आणि संदेश पाठवणारा अँटेना एवढंच जिवंत ठेवलं. सहाव्या दिवशी तीनशे बारावा थर आला. सातव्या दिवशी टिटवी बोलली नाही.

संगणकानं थर मोजले. एकोणीस-वीस थरांचा एक गठ्ठा, असे सोळा गठ्ठे, सलग. भरती-ओहोटीच. मंगळाला मोठा चंद्र होता. पत्रकार परिषद ठरली, दिल्लीहून माणसं निघाली.

परिषदेच्या आदल्या सकाळी हेमांगीचा फोन वाजला. काझी मॅडम होत्या.

"संगणकाची मोजणी माणसानं स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय मी जाहीर करणार नाही. तुझ्या तोडीची नजर आपल्याकडे कुणाची नाही, आणि हे मी म्हणत नाहीये. श्रीरंगनं तुझं नाव सुचवलंय. येशील?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मोजणी बरोबर निघाली तर शोधनिबंधावर तुझं नाव परत घालायला मी भांडेन."

तिला पाहुण्यांच्या पासावर आत घेतलं. एका छोट्या खोलीत मोठा पडदा होता आणि श्रीरंग कोपऱ्यात बसला होता, कारण नियमाप्रमाणे दुसरं माणूस हजर हवं. तो बारीक झाला होता. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

ती खालून मोजायला लागली. प्रत्येक थराची जाडी, रंग, वरची आणि खालची कड. कागदावर एकेक रेघ. पन्नास. शंभर. संगणकाशी तंतोतंत जुळत होतं. तिच्या छातीत काहीतरी फुलत चाललं. किती जुना समुद्र, कुणी न पाहिलेला, रोज येऊन एकेक रेघ ओढून गेला होता आणि ती तिच्या बोटाखाली होती. दीडशे. एकशे साठ. एकशे सत्तर.

एकशे एकाहत्तराव्या थराशी ती थांबली.

थराची खालची कड किंचित तिरकी होती. तिनं फोटो आणखी मोठा केला. केसाएवढी रेघ, आणि तिच्याखाली एकशे सत्तरावा थर सरळ न संपता कापल्यासारखा संपत होता. शेजारच्या फोटोत तेच. बाकी कुठल्याच फोटोत दिसत नव्हतं, कारण तिथे सावली होती.

तिला त्याचा अर्थ कळायला क्षणही लागला नाही. कधीतरी एखादा जोराचा प्रवाह आला होता आणि त्यानं वरचे काही थर खरवडून नेले होते. किती, दोन की दोनशे, सांगता येणार नव्हतं. नंतर पुन्हा नवे थर साचले. संगणकानं दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून टाकले होते. म्हणजे सलग तीनशे बारा नव्हतेच. एकशे सत्तर आणि एकशे बेचाळीस. अडीचशे कुठेच नाहीत. मोठा चंद्र होता असं आता म्हणता येत नव्हतं. असावा, एवढंच. पुढची गाडी जाईपर्यंत, म्हणजे निदान आठ वर्षं.

तिनं मान वर केली नाही. पेन कागदावर टेकलेलं होतं. आधीसारखीच पुढची रेघ ओढली की मोजणी जुळली असती. खडकातली ती तिरकी कड दोनच फोटोंत होती, तीही केसाएवढी. ही नजर दुसऱ्या कुणाकडे नाही, असं मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. बाहेर कुणीतरी खुर्च्या लावत होतं, त्यांचे पाय फरशीवर घासत होते.

"श्रीरंग," ती म्हणाली. "इथे खंड आहे."

तो लगेच उठला नाही. मग आला, तिच्याशेजारी वाकला. तिनं पेनाच्या टोकानं ती रेघ दाखवली, एका फोटोत, मग दुसऱ्यात. तो डोळे बारीक करून बघत राहिला. फोटो पुढे-मागे केले. उजेड वाढवला, कमी केला.

"आहे," तो शेवटी म्हणाला.

"टिटवी त्याच्यासाठी गेली," हेमांगी म्हणाली. "तुझी नोकरी जात होती. सगळं ह्या मोजणीसाठी. आणि ती उभीच राहत नाही."

"उभी राहते. अर्धी." तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. बऱ्याच दिवसांनी इतक्या जवळ. त्याचा राग गेला नव्हता. तो ज्या तऱ्हेनं टेबलाची कड धरून बसला होता त्यावरून तिला ते कळत होतं. "लिही," तो म्हणाला. "एकशे सत्तर आणि एकाहत्तरच्या मध्ये खंड. खाली तुझी सही. मग माझी."

तिनं लिहिलं. खाली सही केली. त्यानं कागद आपल्याकडे ओढला, तिचं वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली. मग खिशातून फोन काढून नंबर लावला.

"मॅडम, श्रीरंग. उद्याची परिषद थांबवावी लागेल." पलीकडून काहीतरी भराभर विचारलं गेलं. त्यानं ऐकून घेतलं. "मी नाही सांगत. जिनं पाहिलं, तीच सांगेल."

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. हेमांगीनं तो घेतला आणि पहिल्या थरापासून सांगायला सुरुवात केली.